ऑफिसच्या छतावरून तंबूत : झाडांच्या दिव्याची गोष्ट

घरातल्या घरात भाजी पिकवायचं वेड हल्ली बऱ्याच जणांना लागलंय. त्यात पुढच्या इयत्तेत गेलेले लोक तंबू घेतात. तंबू म्हणजे बाहेरून काळं जाड कापड, आतून चांदीसारखा चकचकीत, कपाटाएवढा. बाहेरचा उजेड आत नाही, आतला बाहेर नाही. आणि मग वर टांगायला दिवा लागतो. तयार दिवे महाग, म्हणून हात शिवशिवणारी मंडळी तो घरीच बनवतात. दोन अडीच फूट लांबीच्या, बोटभर रुंदीच्या एलईडीच्या पट्ट्या आणायच्या, अॅल्युमिनियमच्या चौकटीवर स्क्रूने बसवायच्या, एक ड्रायव्हर जोडायचा, झाला दिवा.

(इथे एक खुलासा. पट्टी म्हणजे दिवाळीला गॅलरीत चिकटवतो ती गुंडाळीतली डिंकवाली नव्हे. ती शोभेची. ही कडक पट्टी असते, तिच्यावर पिवळट रंगाचे मोहरीपेक्षा थोडे मोठे चौकोन ओळीने बसवलेले असतात.)

आता गंमत बघा. या पट्ट्यांची डेटाशीट उघडली की उपयोग काय लिहिलेला सापडतो? ऑफिसच्या छतातले चौकोनी दिवे, दुकानं, गोदामं, शाळेचे वर्ग. सॅमसंग, ब्रिजलक्स वगैरे कंपन्यांनी त्या बनवल्या तुमच्या-माझ्यासारख्या, दिवसभर क्यूबिकलमध्ये बसणाऱ्या प्राण्यासाठी. झाडांनी नंतर उचलल्या. आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. गेल्या दीडशे वर्षांत झाडांना जो जो विजेचा दिवा मिळाला, तो जवळपास प्रत्येक वेळी माणसासाठी केलेला होता. धाकट्या भावाला थोरल्याचे कपडे मिळतात ना, तसं. एकदाच काय ते झाडांच्या मापाने कापड बेतलं गेलं, आणि तेही अंतराळात पाठवायचं म्हणून.

सुरुवात सर विल्यम सीमेन्सपासून करू. (हो, तेच सीमेन्स. कंपनी काढणाऱ्या वेर्नर सीमेन्सचा हा धाकटा भाऊ, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला.) त्याच्या आधी १८६१ मध्ये हर्वे मांगों या फ्रेंच माणसाने विजेच्या उजेडातही पानं हिरवी होतात हे दाखवलं होतं, पण सगळा संसार मांडून प्रयोग केले ते सीमेन्सने. टनब्रिज वेल्सजवळच्या आपल्या घरी त्याने १८८० च्या हिवाळ्यात कार्बन आर्कचा दिवा लावला. दोन कार्बनच्या कांड्या, मधे ठिणगीची कमान, डोळे दिपवणारा उजेड. हा दिवा तेव्हा दीपगृहं, चौक आणि मोठे हॉल यांच्यासाठी होता. सीमेन्सने मोहरी, गाजर, घेवडा, काकडी, खरबूज असलं भराभर वाढणारं बियाणं कुंड्यांत लावलं आणि चार गट केले. एक अंधारात, एक फक्त विजेच्या उजेडात, एक फक्त दिवसाच्या उजेडात आणि एक दिवसा ऊन नि रात्री वीज. आपण ज्याला कंट्रोल ग्रुप म्हणतो ते त्याने व्यवस्थित केलं होतं. चौथा गट सगळ्यांच्या पुढे गेला. त्या मार्चमध्ये रॉयल सोसायटीत निबंध वाचताना त्याने ट्यूलिपच्या कळ्यांची कुंडी दिव्यापुढे ठेवली, आणि सभा चालू असतानाच फुलं उमलली. आजच्या भाषेत लाइव्ह डेमो, आणि तो फसला नाही हे विशेष!

पण मला सीमेन्स आवडतो तो दोन वेगळ्या कारणांसाठी. पहिलं, आर्कचा दिवा उघडा ठेवला की जवळची पानं करपतात हे त्याच्या लक्षात आलं. त्याने मधे साधी काच धरली आणि करपणं थांबलं. काच अतिनील किरण अडवते. म्हणजे उजेड किती हा एकच प्रश्न नाही, उजेड कसला हा दुसरा प्रश्न आहे, हे पहिल्याच फटक्यात समोर आलं. दुसरं कारण, गडी हिशेबी होता. दिवा वाफेच्या इंजिनावर चालायचा, तर त्याने त्या इंजिनाची वाया जाणारी उष्णता काचघर गरम ठेवायला वापरली. आणि हेही मान्य केलं की हे परवडणार की नाही ते वीज किती स्वस्त पडते त्यावर आहे. धबधबा वगैरे हाताशी असेल तर गोष्ट वेगळी. (नायगाऱ्याची ताकद तारेने दूर नेता येईल, असं तो १८७७ मध्येच बोलला होता.) हा हिशेब लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

सीमेन्सनंतर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली या प्राध्यापकाने काचघरात आर्कचे दिवे लावून बघितले आणि १८९१ मध्ये त्याचा अहवाल काढला. लेट्यूस खूश, लवकर तयार. पालक मात्र वेळेआधी तुऱ्यावर गेला, म्हणजे भाजी संपली आणि बी धरायला लागला. का? तेव्हा कोणालाच सांगता येईना.

उत्तर यायला १९२० उजाडलं. गार्नर आणि अॅलार्ड हे अमेरिकी शेती खात्यातले दोघं तंबाखूच्या एका जातीने हैराण झाले होते. मेरिलँड मॅमथ तिचं नाव. उन्हाळ्यात नुसती वाढतच जायची, फूल म्हणून येईना. खत, पाणी, तापमान सगळं झाल्यावर त्यांनी झाडं दुपारी उशिरा एका अंधाऱ्या खोपटात ढकलायला सुरुवात केली. दिवस लहान झाला, आणि फूल आलं! झाडं दिवसाची लांबी मोजतात. दिवस आखूड झाला की फुलणारी काही, लांब झाला की फुलणारी काही. बेलीचा पालक दुसऱ्या प्रकारातला. रात्री दिवा लावून बेलीने त्याला जेवण वाढवलंच, पण बरोबर कॅलेंडरही पुढे ढकललं.

या धाग्याचं पुढचं टोक बेल्ट्सव्हिलला, त्याच शेती खात्याच्या केंद्रात निघतं. तिथे बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटाने थिएटरात वापरत तसला कार्बन आर्क घेतला (पुन्हा उतरलेले कपडे!), त्याचा उजेड लोलकातून फोडून मोठा रंगपट्टा पाडला आणि कुंड्या त्या रंगपट्ट्यात ओळीने ठेवल्या. १९५२ मध्ये त्यांनी लेट्यूसच्या बियांवर दाखवलं की लाल उजेड दिला तर बी रुजतं, त्यानंतर लालच्याही पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा उजेड दिला तर रुजत नाही, पुन्हा लाल दिला तर रुजतं. शेवटचा उजेड कोणता यावर निकाल. चक्क फ्लिप-फ्लॉप! १९५९ मध्ये या स्विचमागचं रसायन हाती लागलं, त्याचं नाव फायटोक्रोम. आपल्याकडे पॉलिहाउसमधल्या शेवंतीवर रात्री बल्बची माळ दिसते ना, ती याच स्विचसाठी. शेवंतीला रात्र मोठी झाली की फूल येतं, म्हणून मध्यरात्री थोडा वेळ उजेड देऊन तिला फसवायचं आणि आधी दांडे उंच करून घ्यायचे. तिथे उजेड जेवण नसतो, निरोप असतो.

मधल्या काळात झाडांना माणसांचे आणखी दोन दिवे मिळाले. एक ट्यूबलाइट, १९३८ पासून बाजारात. १९६० च्या दशकात सिल्व्हेनियाने ग्रो-लक्स नावाची गुलाबी झाक असलेली ट्यूब झाडांसाठी म्हणून काढली, पण मूळ साचा ट्यूबलाइटचाच. दुसरा सोडियमचा दिवा. आपल्या लहानपणी हमरस्त्यावर जो पिवळाधम्मक उजेड पडायचा, तो हा. रस्त्यासाठी बनला आणि युरोपातल्या काचघरांच्या छताला जाऊन लटकला. भरपूर उजेड, टिकाऊ, आणि भट्टीसारखा तापणारा.

या तापण्याने पुढे काय काय केलं ते आता सांगतो, कारण त्याशिवाय तंबूची गोष्ट अर्धवट राहील. घरातल्या दिव्याखालच्या शेतीचा मोठा हिस्सा अमेरिकेत लेट्यूसचा नव्हताच, गांजाचा होता. उघड्यावर लावला तर पोलीस बघतात, म्हणून लोक तळघरात शिरले. १९८९ मध्ये तिथल्या अमली पदार्थविरोधी खात्याने 'ऑपरेशन ग्रीन मर्चंट' काढून दिवे नि हायड्रोपोनिक्सचं सामान विकणाऱ्या दुकानांवरच धाडी घातल्या. १९९२ मध्ये ओरेगन राज्यातल्या फ्लॉरेन्स गावात पोलिसांनी एका घरावर रस्त्यापलीकडून उष्णता दाखवणारा कॅमेरा रोखला. भिंत आणि छताचा काही भाग शेजारच्या घरांपेक्षा गरम दिसला. वॉरंट काढलं, आत शंभरावर झाडं. हा खटला पार सुप्रीम कोर्टात गेला आणि २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की वॉरंटशिवाय असा कॅमेरा रोखणं हीसुद्धा घराची झडतीच. प्रायव्हसीवर बोलताना वकील ज्याचा हवाला देतात तो कायलो खटला एका तापलेल्या दिव्यापासून सुरू झाला! (आपल्याकडे हा उद्योग १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे. आपण कोथिंबिरीबद्दल बोलतोय, नोंद घ्यावी.) पण खरं ते मान्य करायला हवं: तंबू, पंखा, फिल्टर, दिव्याची उंची किती ठेवायची हे सगळं व्यवहारज्ञान लपूनछपून काम करणाऱ्या या लोकांनी जमवलं. लेट्यूसवाले नंतर आले.

आता एलईडी. पहिला दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याकने ऑक्टोबर १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत पेटवला. कॅल्क्युलेटरचे आकडे, यंत्रावरचा लुकलुकणारा ठिपका, एवढीच त्याची लायकी बरीच वर्षं होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी विस्कॉन्सिन विद्यापीठात नासाच्या मदतीने चालणाऱ्या एका केंद्राला अंतराळात झाडं वाढवायची होती. तिथे सोडियमचा दिवा नेणार कसा? तापतो, काच फुटते, जड. त्यांनी ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी निवडले, कारण हरितद्रव्य तो रंग आवडीने खातं. नुसत्या लाल उजेडात झाड लुकडं, लांबुडकं होतं, म्हणून जोडीला निळी ट्यूब. निळी ट्यूब का? कारण कामाचा निळा एलईडी तेव्हा जगात नव्हता. या लेट्यूसचा निबंध १९९१ मध्ये छापून आला, आणि १९९५ मध्ये कोलंबिया यानात अशाच दिव्याखाली बटाट्याच्या पानांच्या बेचक्यात छोटे बटाटे धरले. झाडांच्या मापाने बेतलेलं पहिलं कापड ते हे.

निळ्याची कथा आपल्या हापिसवाल्यांना जास्त जवळची. जपानमध्ये तोकुशिमातल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुराने चकचकीत उजेड देणारा निळा एलईडी १९९३ मध्ये जगापुढे आणला. बक्षीस म्हणून कंपनीने दिले वीस हजार येन! (अप्रेझलवर रडणाऱ्यांनी हा आकडा डेस्कवर चिकटवावा.) तो कोर्टात गेला. २००४ मध्ये टोकियोच्या कोर्टाने वीस अब्ज येन द्या म्हटलं, २००५ मध्ये सुमारे चौऱ्याऐंशी कोटींवर तडजोड झाली. २०१४ चं नोबेल त्याला अकासाकी आणि अमानो यांच्याबरोबर मिळालं. निळा आला आणि झाडांच्या दिव्याचा जांभळा जमाना सुरू झाला. लाल अधिक निळा, मधे काही नाही. तंबू उघडला की डिस्कोथेक.

यामागचा तर्क शाळेच्या पुस्तकातला. हरितद्रव्याचा आलेख, दोन टेकड्या, एक निळ्यात नि एक लालमध्ये, मधे हिरव्याची दरी. पान हिरवं दिसतं म्हणजे हिरवा उजेड परत फेकतं, म्हणजे तो फुकट. ऐकायला एकदम बिनतोड. पण तो आलेख बाटलीत काढलेल्या हरितद्रव्याचा आहे, पानाचा नव्हे! टेक्सासच्या कीथ मॅक्रीने २२ पिकांची जिवंत पानं घेऊन, एकेका रंगाखाली धरून, प्रत्यक्ष प्रकाशसंश्लेषण मोजलं आणि १९७२ मध्ये छापलं. लाल वरचढ खरा, पण शोषलेल्या दर फोटॉनमागे हिरवा हा निळ्याच्या तोडीस तोड निघाला. पान हिरव्यातला थोडाच भाग परत फेकतं. बाकीचा आत खोलवर जातो, वरच्या थराला पोट भरल्यावर खालच्या थराला वाढतो. हे सगळं छापून ठेवलेलं असताना पुढे कित्येक वर्षं जांभळे दिवे 'शास्त्रीय' म्हणून विकले गेले. माझं स्पष्ट मत, हा विज्ञानाचा दोष नव्हे, पॅकिंगवर काय छान दिसतं याचा आहे. वर त्या उजेडात पान काळं दिसतं, पिवळं पडलंय की रोग आलाय काही कळत नाही. अंतराळ स्थानकावरच्या 'व्हेजी' या २०१४ च्या पेटीत नासाने लाल-निळ्याबरोबर हिरवे एलईडी घातले, त्यात एक कारण हेही होतं की अंतराळवीरांना भाजी खाण्यासारखी दिसावी. १० ऑगस्ट २०१५ ला त्यांनी तिथलं लाल लेट्यूस खाल्लं.

मॅक्रीमुळे आणखी एक गोष्ट झाली. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन मोजा, लुमेन नको, ही पद्धत पक्की झाली. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप. ६६० च्या लाल उजेडाला त्यात जेमतेम सहा टक्के मार्क. झाडाचा हिशेब मायक्रोमोलमध्ये. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला सेकंदाला सुमारे दोन हजार मायक्रोमोल. आणि आपल्या ऑफिसातला ५०० लक्सचा 'लख्ख' उजेड? सात-आठ. तिथे मनीप्लांटच का जगतं ते कळलं ना?

मग त्याच ऑफिसची पट्टी तंबूत कशी चालते? निचियाने १९९६ मध्ये निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर लेपून पांढरा एलईडी काढला. (पट्टीवरचे पिवळट चौकोन म्हणजे तो लेप.) यात निळा आहे, हिरवा आहे, बऱ्यापैकी लालही आहे. आणि जगातली सगळी ऑफिसं, दुकानं, घरं या एका वस्तूवर तुटून पडल्यामुळे ती दरवर्षी स्वस्त नि चांगली होत गेली. २०१४ मध्ये यूटा स्टेट विद्यापीठातल्या नेल्सन आणि बगबी यांनी मोजलं तेव्हा सगळ्यात चांगला सोडियमचा दिवा आणि सगळ्यात चांगला झाडांचा एलईडी बरोबरीत होते, ज्यूलमागे साधारण १.७ मायक्रोमोल. आज चांगली पांढरी पट्टी कमी करंटवर चालवली तर अडीचच्या पुढे जाते. झाडांच्या मापाचं कापड मागे राहिलं, थोरल्याचे कपडेच जास्त चांगले निघाले, कारण थोरल्याच्या कपड्यांचा कारखाना कितीतरी मोठा आहे.

घरी बनवणाऱ्यांनी हे बरोबर हेरलं. पट्टी लांब असल्याने उजेड सारखा पसरतो, उष्णता एका जागी साठत नाही, पंख्याशिवाय अॅल्युमिनियमची पट्टी पुरते. फक्त ड्रायव्हर कॉन्स्टंट करंटचा हवा. एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो, साध्या सप्लायवर मग करंट चढतो, अजून तापतो, आणि ही साखळी एलईडी मेल्यावरच थांबते. पट्ट्या सिरीजमध्ये जोडल्या तर व्होल्टेजची बेरीज होऊन शंभराच्या आसपास जातं, म्हणून ओल्या हाताच्या माणसाने चोवीस व्होल्टच्या पट्ट्या पॅरलल जोडाव्यात आणि चौकटीला अर्थिंग द्यावं. तापकीर गल्लीत ड्रायव्हर मागताना वॅट सांगू नका, करंट आणि व्होल्टेजची रेंज सांगा, नाहीतर शोभेच्या माळेचा अडॅप्टर हातात पडेल.

आता सीमेन्सचा हिशेब. माझी बाल्कनी उत्तरेला, समोर दुसरी बिल्डिंग, त्यामुळे हा आकडा मी बऱ्याचदा मांडलाय. दोन फूट बाय दोन फूट तंबू म्हणजे ०.३६ चौरस मीटर. लेट्यूसला २५० मायक्रोमोल, रोज सोळा तास. म्हणजे पानांवर सेकंदाला ९० मायक्रोमोल पडायला हवेत. ज्यूलमागे अडीच धरले तर ३६ वॅट, भिंती आणि ड्रायव्हरची गळती धरून ५० वॅट. दिवसाला ०.८ युनिट, महिन्याला २४. युनिटचे दहा रुपये धरले तर २४० रुपये. एवढ्यात मंडईतून कोथिंबीर किती येते ते घरी आईला विचारा, मला विचारू नका.

हेच गणित मोठ्या प्रमाणावर मांडणाऱ्यांचं काय झालं? अमेरिकेत गोदामांत मजल्यावर मजले रचून पालेभाजी पिकवणाऱ्या कंपन्यांनी गुंतवणूकदारांकडून प्रचंड पैसा उचलला होता. एरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बोवरी नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद पडली, प्लेंटीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रत्येकीची कारणं थोडी वेगळी, पण विजेचं बिल या सगळ्याच धंद्याच्या मानगुटीवर बसलेलं असतं. त्यांचे दिवे सीमेन्सच्या आर्कपेक्षा कितीतरी सरस होते. धबधबा मात्र त्यांच्याकडेही नव्हता.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कुंड्या ठेवायला परवानगी नाही. दोन हजार मायक्रोमोल रोज तिथल्या पाण्याच्या टाकीवर पडतात.